‘मोचनगड’ ते ‘स्वामी’ : सीमाभागाने घडविलेली ऐतिहासिक प्रेमकादंबरी

गोव्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगावकडे जाताना कणकुंबीनंतर जांबोटी हे गाव लागते. रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) यांचा जन्म या गावचा. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी ‘मोचनगड’ त्यांनी लिहिली. ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकातून क्रमशः आलेली ही कथा १८७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पहिल्या मराठी कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्मही बेळगावचाच. मराठी कादंबरीच्या उगमाशी या एका जिल्ह्याचे असे दुहेरी नाते आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

गुंजीकरांपूर्वी ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कथांची चलती होती. राजपुत्र, कारस्थाने, वियोग आणि अखेरीस मीलन असा त्यांचा साचा असे. त्यात काळ कोणता, प्रदेश कोणता, हे विचारण्याची सोय नसे. गुंजीकरांनी हाच प्रेमवियोगाचा धागा उचलून शिवकाळात आणून बांधला. गड काल्पनिक, पण भोवतालचे जग ओळखीचे. वाचकाला रमण्यासाठी एक खरी वाटणारी भूमी मिळाली. पुढे हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’ने व नाथमाधवांच्या कादंबऱ्यांनी ती वाट रुंद केली.

या प्रकाराचे आकर्षण सर्वाधिक ठळकपणे दिसते ते रणजित देसाई (१९२८–१९९२) यांच्या ‘स्वामी’मध्ये. देसाई कोवाडचे. हे गाव चंदगड तालुक्यातले, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले. पण त्याची नित्याची बाजारपेठ बेळगाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि कोवाड अलीकडे राहिले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६२ मध्ये ‘स्वामी’ आली. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सीमेच्या पलीकडे पडलेल्या वाचकांनाही हा लेखक परका वाटण्याचे कारण नव्हते.

इंग्रजीतील ऐतिहासिक प्रेमकादंबरी, उदाहरणार्थ जॉर्जेट हेयर यांची, सहसा विवाह ठरण्यापाशी थांबते. मराठीत विवाह आधीच झालेला असतो आणि प्रेम त्यानंतर, वाड्याच्या रीतिरिवाजांत चोरून सवड काढत उमलते. माधवराव पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने वारले. रमाबाई सती गेल्या. शेवट प्रत्येक वाचकाला आरंभापासून ठाऊक असतो. म्हणूनच दोघांचा साधा संवादही कातर करून जातो. इतिहासग्रंथात मोहिमा, कर्ज आणि रघुनाथरावांशी झालेले तंटे असतात; रमाबाईंच्या वाट्याला तिथे मोजक्या ओळी येतात. कादंबरीकार त्या रिकाम्या जागेत शिरतो.

तेथेच धोकाही आहे. ‘स्वामी’तील संवाद देसाईंचे आहेत, पेशवे दप्तरातले नव्हेत, तरीही अनेक घरांत तेच इतिहास म्हणून सांगितले जातात. सती जाण्याच्या प्रसंगाला कादंबरीने दिलेले भक्तिभावाचे वलय आज वाचताना खटकते, आणि खटकायलाच हवे. इतिहास हाच जिथे अस्मितेचा आधार आहे, त्या सीमाभागात तर कल्पित आणि कागदपत्र यांतील भेद अधिक जपावा लागतो.

ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ (१९७२) मध्ये हा ताण वेगळा आहे. बाजीराव-मस्तानीचे प्रेम कुटुंबाला आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाला मान्य नाही. त्यामुळे येथे संघर्ष घरातूनच उभा राहतो. २०१५ च्या हिंदी चित्रपटामुळे ही कादंबरी नव्या वाचकांपर्यंत पोहोचली. मात्र चित्रपटातील झगमगाट शोधत पुस्तक उघडणाऱ्याची थोडी निराशा होईल.

या प्रकाराकडे प्रथमच वळणाऱ्याने ‘राऊ’ आधी आणि ‘स्वामी’ नंतर वाचावी. ‘मोचनगड’ची भाषा दीडशे वर्षांपूर्वीची असल्याने पहिली काही पाने सावकाश वाचावी लागतात.