कागदावरून यंत्रात

व्याजाची कोष्टकं घरात बाळगणाऱ्या पिढीला हे पुस्तक हातात घेताच उमगलं असतं. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ॲडम ऑस्बोर्न यांच्या प्रकाशनसंस्थेने ‘सम कॉमन बेसिक प्रोग्रॅम्स’ काढलं. लेखक लॉन पूल आणि मेरी बोर्चर्स. आत ७६ छोटे प्रोग्रॅम: कर्जाचा हप्ता, घसारा, दोन तारखांमधले दिवस, कुठल्याही तारखेचा वार, एखाद्या पदार्थाला येणारा खर्च.

या पुस्तकाचं मूळ डार्टमथ कॉलेजात आहे. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा घडवली. १ मे १९६४च्या पहाटे ती तिथे पहिल्यांदा चालली. शब्द मोजके, प्रत्येक ओळीला क्रमांक. क्रमांक १०, २०, ३० असे अंतर ठेवून द्यायचे, म्हणजे काही राहिलं तर मध्ये १५ घालता येतो. विसरणाऱ्या माणसाची इतकी काळजी घेणारी भाषा मला आजही जवळची वाटते.

अख्खे प्रोग्रॅम पुस्तकात छापायची वाट खेळांनी पाडली. डेव्हिड आल यांचं १०१ बेसिक खेळांचं पुस्तक १९७३ साली आलं. हिशेब मागून आले.

पण छापायचे कशाला? १९७७मध्ये कमोडोर पेट, ॲपल टू आणि टीआरएस-८० ही तिन्ही घरगुती यंत्रं बाजारात आली. प्रोग्रॅम साठवायचे ते साध्या कॅसेटवर, आणि एकाची कॅसेट दुसऱ्याला वाचता येत नसे. बेसिक मात्र तिघांतही होतं. बोली थोडी वेगळी, एवढंच. तिघांनाही चालेल असं साधन एकच उरलं, कागद.

मग पुस्तक मांडीवर घेऊन एकेक ओळ टाइप करायची. स्वल्पविराम राहिला तर यंत्र ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून अडून बसे. ती चूक परवडली. वार्षिक दरावरून महिन्याचं व्याज काढताना १२००ने भागावं लागतं. तिथलं एक शून्य गळलं तर यंत्र हूं की चूं न करता दसपट दराने हप्ता सांगे. म्हणून प्रोग्रॅमसोबत दिलेलं नमुन्याचं उदाहरण मला या पुस्तकाचा प्राण वाटतं. अंकगणिताच्या पुस्तकामागच्या उत्तरांसारखंच ते: आपलं उत्तर जुळेना की बोट पुन्हा पहिल्या ओळीवर.

पुढे एकेका यंत्रासाठी वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. १९७९मध्ये ॲपल टूवर व्हिजिकॅल्क हा हिशेबी तक्त्यांचा (स्प्रेडशीट) प्रोग्रॅम आला आणि हप्त्याचं सूत्र एका चौकटीत मावलं. तरी टाइप करून हप्ता काढलेल्या माणसाला तो १२०० कुठून आला, हे ठाऊक होतं.