स्पार्क प्लगची फट
स्पार्क प्लगची फट : पेट्रोल एंजिनातील स्पार्क प्लगच्या मधल्या व बाजूच्या विद्युत अग्रांमधील अंतर. या फटीत ठिणगी पडून हवा व पेट्रोलचे मिश्रण पेटते. कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत ती साधारणपणे ०.६ ते ०.८ मिमी. असते, नेमके माप उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. वापराने अग्रे झिजून फट रुंदावते आणि ठिणगी चुकू लागते.

प्लग बदलताना एंजिन थंड असावे व प्लगभोवतीची धूळ आधी झटकावी. फट फीलर गेजने मोजून फक्त बाजूचे अग्र हळुवार वाकवतात. मधल्या अग्रावर जोर दिल्यास चिनी मातीचा निरोधक तडकतो. नवा प्लग प्रथम हाताने बसवून मगच पान्याने आवळावा, कारण ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधील आटे सहज खराब होतात.