मुंबईचा मापदंड आणि लंडनचे दात : प्लेगच्या जनुकसंचाने इतिहासकारांना काय शिकवले?

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात आजारी पडणाऱ्या माणसांना तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी निदान केले : हा गाठीचा प्लेग आहे. पुढील काही दशकांत या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसांचे प्राण घेतले. या साथीच्या नोंदींमुळेच सुमारे शंभर वर्षांनी युरोपच्या इतिहासातील एका मोठ्या प्रश्नावर वाद पेटला, आणि तो मिटला लंडनच्या एका दफनभूमीत सापडलेल्या दातांमुळे.

२/ प्रश्न असा होता : १३४७ ते १३५३ या काळात युरोपातील किमान एकतृतीयांश लोक ज्या साथीत मेले, ती 'ब्लॅक डेथ' म्हणजे नेमका कोणता रोग? रूढ उत्तर होते प्लेग. जून १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी रुग्णांच्या गाठींतून प्लेगचा जिवाणू शोधला होता. जांघेतील आणि काखेतील गाठींची वर्णने मध्ययुगीन लेखकांनीही केली होती. त्यामुळे दोन्ही रोग एकच, असे मानले गेले.

३/ हा जिवाणू पसरतो कसा, हे मात्र हिंदुस्थानात कळले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की रोग उंदरांच्या पिसवा पसरवतात. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने तोच मुद्दा पुन्हा पुन्हा तपासला. पिसवा पोहोचू शकणार नाहीत अशा पिंजऱ्यांतील प्राणी वाचले, इतर मेले. सिमाँ बरोबर होते.

४/ आयोगाच्या अहवालांतून प्लेगचे एक ठसठशीत चित्र तयार झाले. आधी उंदीर मरतात. मग भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. रोग मंद गतीने, गल्लीमागून गल्ली सरकतो. ठरावीक ऋतूत वाढतो, ठरावीक ऋतूत ओसरतो. माणसाकडून माणसाकडे सहसा थेट जात नाही. हे निरीक्षण इतके काटेकोर होते की मुंबईचा प्लेग जगभरच्या पाठ्यपुस्तकांतील नमुना बनला. नमुन्याचा पुढे मापदंड झाला.

५/ आणि त्या मापदंडात ब्लॅक डेथ बसेना. चौदाव्या शतकातील साथ महिन्याभरात कित्येक गावे ओलांडत होती. घरेच्या घरे एकदम रिकामी होत होती. मेलेल्या उंदरांचे ढीग कोणत्याही वृत्तांतात ठळकपणे दिसत नव्हते. १९८४ मध्ये ग्रॅहॅम ट्विग यांनी ती साथ अँथ्रॅक्सची असावी असे सुचवले. २००१ मध्ये सुसान स्कॉट आणि ख्रिस्तोफर डंकन यांनी रक्तस्रावी ज्वराच्या विषाणूकडे बोट दाखवले. २००२ मध्ये सॅम्युएल कोन यांनी लिहिले की दोन्ही साथी एकाच रोगाच्या असूच शकत नाहीत.

६/ हा युक्तिवाद उथळ नव्हता. साधने शेजारी ठेवून त्यांतील विसंगती दाखवणे, हेच तर इतिहासकाराचे काम. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले होते : एकच जिवाणू सर्व काळी, सर्व समाजांत एकसारखीच साथ निर्माण करतो. हे गृहीतक खरे की खोटे, हे कागदपत्रांतून ठरवता येत नव्हते. त्यासाठी वेगळ्या प्रकारचे साधन हवे होते. ते साधन म्हणजे जिवाणूचा जनुकसंच.

७/ जनुकसंच म्हणजे सजीवाच्या पेशीतील संपूर्ण डीएनए. चार रासायनिक 'अक्षरांत' लिहिलेली एक लांबलचक पोथी. पेशीचे विभाजन होताना या पोथीची नक्कल होते, आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. ती चूक पुढील प्रत्येक नकलेत उतरते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचा विचार परिचित वाटेल.

८/ दोन हस्तलिखितांत एकच विशिष्ट पाठभेद आढळला, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून आली असण्याची शक्यता मोठी. असे समान पाठभेद जुळवत हस्तलिखितांचा वंशवृक्ष उभा राहतो. जिवाणूंचा वंशवृक्षही असाच उभा राहतो. प्राचीन नमुन्यांची वये ज्ञात असतील, तर चुका साधारण किती काळात साचतात याचा अंदाज बांधता येतो. प्लेगच्या जिवाणूत मात्र हा वेग सर्व शाखांत सारखा नाही, म्हणून अशा कालगणनेकडे सावधपणे पाहावे लागते. साधनचिकित्सा येथेही सुटत नाही.

९/ प्लेगच्या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच प्रथम २००१ मध्ये वाचला गेला. मुख्य गुणसूत्रात सुमारे ४६.५ लाख अक्षरे, आणि त्यांत जवळपास १५० जनुके मोडलेली, निकामी. हा जिवाणू ज्याच्यापासून निपजला, तो 'येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस' माती, पाणी आणि प्राण्यांच्या आतड्यांत आढळतो. माणसाला त्याच्यामुळे बहुधा पोटाचा आजार होतो, तोही सहसा प्राणघातक नसतो. असा पूर्वज आणि असा वंशज! मधल्या काळात घडले तरी काय?

१०/ बरेचसे 'गमावले' गेले. आतड्याच्या पेशींना चिकटण्याची, त्यांत शिरण्याची साधने देणारी जनुके निकामी झाली. स्वतः हालचाल करण्याची शक्ती गेली. सर्वांत बोलके उदाहरण युरीएज या एन्झाइमचे. पूर्वजाचे युरीएज पिसवेला विषारी ठरते. प्लेगच्या जिवाणूत त्यासाठी आवश्यक असलेल्या एका जनुकात एक अक्षर जास्तीचे घुसले आणि ते एन्झाइम बंद पडले. पिसू मरेनाशी झाली. वाहकाला जिवंत ठेवणारा हा बदल म्हणजे नकलकाराची एका अक्षराची चूक होती.

११/ काही गोष्टी 'कमावल्या' गेल्या. जिवाणू परस्परांत डीएनएची लहान वर्तुळे देवघेव करतात; त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. अशा एका प्लाझ्मिडवरील जनुकामुळे हा जिवाणू शरीरात वेगाने पसरू लागला. दुसऱ्या प्लाझ्मिडवरील 'वायएमटी' या जनुकामुळे तो पिसवेच्या आतड्यात तग धरू लागला. कालांतराने जन्माला आला तो रक्तातून पिसवेत आणि पिसवेतून पुन्हा रक्तात फिरणारा रोगकारक. उत्क्रांती म्हणजे सतत भरच पडत जाणे, ही समजूत येथे टिकत नाही.

१२/ हे घडले केव्हा? २०१५ मध्ये युरोप व आशियातील कांस्ययुगीन १०१ व्यक्तींचे अवशेष तपासले गेले. त्यांपैकी ७ जणांत प्लेगचा डीएनए सापडला, आणि त्यातला सर्वांत जुना सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचा होता. त्या प्राचीन जिवाणूंत वायएमटी बहुतांशी नव्हतेच. २०१८ मध्ये रशियातील समारा भागातल्या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या दफनात ते जनुक असलेला जिवाणू मिळाला. म्हणजे कोणत्याही ग्रंथात प्लेगची नोंद होण्याच्या कितीतरी आधी प्लेग होता, पण तो पिसवांवर स्वार झालेला नव्हता.

१३/ आता पुन्हा ब्लॅक डेथच्या वादाकडे. रक्तातला जिवाणू दातांच्या आतील मऊ गाभ्यात पोहोचतो, आणि मृत्यूनंतर दाताचे कठीण कवच त्याचा डीएनए जपते. १९९८ पासून अशा दातांत प्लेग सापडल्याचे दावे होऊ लागले. ते लगेच मान्य झाले नाहीत. प्रयोगशाळेतील आधुनिक डीएनए नमुन्यात मिसळला नसेल कशावरून? उत्तर डीएनएच्या जीर्णतेत मिळाले. जुना डीएनए तुकड्या-तुकड्यांचा असतो आणि तुकड्यांच्या टोकांशी ठरावीक रासायनिक झीज दिसते. जुन्या कागदाची पारख जशी त्याच्या झिजेवरून होते, तशी ही पारख.

१४/ लंडनमधील ईस्ट स्मिथफील्ड ही दफनभूमी खास १३४८-४९ च्या साथीसाठी उघडली गेली होती; तशा लेखी नोंदी आहेत. १९८० च्या दशकात तिचे उत्खनन झाले. २०११ मध्ये कर्स्टन बॉस, योहानेस क्राउझे, हेंड्रिक पॉइनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दातांतून प्लेगच्या जिवाणूचा जनुकसंच जुळवला. प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचले गेले. ब्लॅक डेथ म्हणजे प्लेगच, हे आता नाकारणे कठीण झाले.

१५/ पण निष्कर्षाचा दुसरा भाग अधिक अनपेक्षित होता. चौदाव्या शतकातील जिवाणूत असा एकही नवा बदल आढळला नाही, जो आजच्या प्लेगच्या कोणत्या ना कोणत्या जिवाणूत नाही. ती साथ इतकी भीषण का होती, याचे स्पष्टीकरण देणारे कोणतेही वेगळे अक्षर त्या पोथीत नव्हते. साथींतला फरक खराच होता. शंकेखोर इतिहासकारांनी तो अचूक टिपला होता. त्यांचे चुकले ते गृहीतकात. जवळजवळ एकच जिवाणू दोन काळांत दोन अगदी वेगळ्या साथी घडवू शकतो.

१६/ मग ही साथ आली कोठून? याचे उत्तर एकट्या जनुकसंचाने दिले नाही. आजच्या किर्गिझस्तानात, इस्सिक-कुल सरोवराच्या परिसरात, ख्रिस्ती व्यापारी वस्त्यांच्या दोन दफनभूमींचे उत्खनन १८८५ ते १८९२ दरम्यान झाले होते. तेथील ४६७ दिनांकित थडग्यांच्या दगडांपैकी ११८ दगड केवळ १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांचे आहेत. काहींवर सीरियाक भाषेत मृत्यूचे कारणही कोरलेले आहे : महामारी. कोणती महामारी, हे दगड सांगत नाहीत.

१७/ २०२२ मध्ये तेथील मृतांच्या दातांतून प्लेगचा जनुकसंच मिळाला. वंशवृक्षात त्याचे स्थान विलक्षण होते : ज्या सांध्यापासून प्लेगच्या चार मोठ्या शाखा एकाएकी फुटल्या, नेमके त्या सांध्यावर. लंडनचा जिवाणू त्यांपैकीच एका शाखेवरचा. दगडाने वर्ष दिले, दाताने रोगाचे नाव दिले. थडगी वाचणारे इतिहासकार फिलिप स्लाव्हिन आणि डीएनए वाचणाऱ्या मारिया स्पायरू एकत्र आले नसते, तर ही दोन साधने वेगवेगळी मुकीच राहिली असती.

१८/ मुंबई याच वृक्षावर आहे. चीनच्या युनान प्रांतातून निघून १८९४ मध्ये हाँगकाँगला आणि तेथून जहाजांतील उंदरांबरोबर जगभरच्या बंदरांत पोहोचलेला वंश, लंडनचा जिवाणू ज्या शाखेवर आहे त्याच शाखेची पुढील फूट आहे. म्हणजे ज्या दोन साथी 'एकमेकींशी जुळत नाहीत' म्हणून वाद झाला, त्या एकाच घराण्याच्या निघाल्या.

१९/ तरीही जनुकसंच सर्व काही सांगत नाही. पुण्यात १८९७ साली सैनिकांनी घरे झडतीसाठी का उघडली, हे त्यात लिहिलेले नाही. पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. या दोन घटनांमागचा जिवाणू एकच होता. त्यांना वेगळे करणारे कारण कायद्यांत, वृत्तपत्रांत, सरकारी पत्रव्यवहारात आणि माणसांच्या स्वभावात शोधावे लागते.

२०/ परकीय सत्तेने त्या काळी लोकांच्या 'घाणेरड्या सवयींवर' ठपका ठेवला, गटारांत कार्बोलिक ओतले आणि माणसांना घराबाहेर काढले. पिसवांचा दोष अजून कोणी मान्य केला नव्हता. आज कोणी उलट टोक गाठून सारा इतिहास जिवाणूच्या अंगावर टाकील, तर त्यालाही लंडनच्या दातांत आधार मिळणार नाही. जिवाणू तोच असताना साथ बदलते, तेव्हा बदललेले असते ते त्याच्या भोवतीचे जग : उंदीर, पिसवा, घरे, धान्य, व्यापार, हवामान, राज्यकर्ते. परळच्या आयोगाने मुंबईबद्दल लिहिलेले बरोबरच होते. ते फक्त मुंबईबद्दल होते, एवढेच वाचणाऱ्यांच्या ध्यानात राहिले नाही.

(समाप्त)