हृदय-फुप्फुस विकार आणि मेंदूचा रक्तपुरवठा

फुप्फुसे आणि हृदय एकाच वेळी आजारी असताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, त्यातील वायू आणि त्याची परतीची वाट या तिन्हींत होणारा बिघाड. फुप्फुसाच्या जुनाट रोगाने हृदयाची उजवी बाजू फुगते आणि थकते. या अवस्थेला ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. उलट दिशेनेही हे घडते : हृदयाची डावी बाजू कमजोर झाली किंवा तिची झडप अरुंद झाली की रक्त फुप्फुसात तुंबते. सातारा-सांगलीच्या गावांत दोन्हींना एकच शब्द आहे, ‘दमा’. मेंदूवरच्या परिणामाला तर नावही मिळत नाही. ‘वय झालं, आता असंच बोलणार’ म्हणून घरचे तो सोडून देतात.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के आणि शरीर वापरते त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के त्याला लागतो. साठवण काहीच नाही. पुरवठा पूर्ण तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. अमेरिकेतील सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत बसवली. निरोगी प्रौढात तो दर मिनिटाला १०० ग्रॅममागे सुमारे ५० मिलिलिटर असतो. तो २० च्या खाली उतरला की मेंदूचे विद्युत्-कार्य मंदावत बंद पडते, आणि १० च्या आसपास पेशी मरू लागतात.

रक्तदाब थोडाफार वरखाली झाला तरी मेंदूतील रोहिण्या आकसून किंवा फुलून हा प्रवाह टिकवतात. त्यांच्यावर सर्वांत जास्त हुकूम चालतो तो कार्बन डायऑक्साइडचा. रक्तातील त्याचा दाब १ मिलिमीटरने (पाऱ्याच्या) वाढला की मेंदूचा प्रवाह साधारण तीन-चार टक्क्यांनी वाढतो. ऑक्सिजनचे तसे नाही. त्याचा दाब ५० मिलिमीटरच्या आसपास घसरेपर्यंत या रोहिण्या फारशा हलत नाहीत. फुप्फुसातील वाहिन्यांची रीत मात्र नेमकी उलटी : ऑक्सिजन कमी पडला की त्या आवळतात. १९४६ मध्ये स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर आणि गोरान लिलिएस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांत हे दाखवले. वर्षानुवर्षे आवळलेल्या या वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयाचे उजवे निलय जाड होते, मग ताणले जाते. पायाला सूज येते, मानेच्या शिरा फुगतात.

या आजारात मेंदूला नेहमी रक्त कमीच मिळते असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूकडे रक्त उलट जास्त धावते. पण कवटी हाडाची. तिथे जास्तीच्या रक्ताला जागा नसते. त्यात हृदयाची उजवी बाजू तुंबलेली असल्याने मानेतील नीलांमधून रक्त खाली उतरायला अडखळते. आतला दाब वाढतो. सकाळी उठताच डोके जड होणे आणि दिवस चढला की ते उतरणे ही त्याची खूण. कधी डोळ्याच्या पडद्यामागील मज्जातंतूही सुजतो. साचलेल्या वायूने रक्त आम्लधर्मी होऊन पेशींना गुंगी येते ती वेगळीच.

दुसऱ्या बाजूने प्रवाह कमी करणाऱ्या गोष्टीही याच शरीरात चालू असतात. ऑक्सिजनच्या टंचाईला उत्तर म्हणून मूत्रपिंडे तांबड्या पेशी वाढवण्याचा इशारा देतात आणि रक्त घट्ट होते. रक्तातील पेशींचा वाटा ५५ टक्क्यांपुढे गेला की ते बारीक वाहिन्यांतून रखडत चालते. पेशींचा वाटा वरच्या बाजूला असलेल्या रुग्णांचे थोडे रक्त काढून घेतल्यावर मेंदूचा प्रवाह सुधारतो, असे लंडनच्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये दाखवले होते. हृदयाचे पंपिंगच ढासळले असेल तर घट आणखी मोठी. हृदयक्षीणतेच्या गंभीर रुग्णांत मेंदूचा प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला आणि हृदयरोपणानंतर तो सावरला, अशी निरीक्षणे आहेत. त्यामुळे एकाच रुग्णात सकाळी प्रवाह जास्त आणि जुलाबाने किंवा लघवीच्या गोळ्यांनी रक्तदाब पडल्यावर संध्याकाळी कमी, असेही होऊ शकते. एका तपासणीवर निष्कर्ष काढणे धोक्याचे ते यासाठी.

कृष्णाकाठी हा आजार विडी-सिगारेटपुरता नाही. घराघरांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांची फुप्फुसे शेणी, तुराट्या आणि ओल्या काटक्यांच्या धुराने खराब होतात. त्यात मिशरीची भर. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, दार लोटलेल्या स्वयंपाकघरात, बहुधा मांडीवर मूल घेऊन. दात घासण्याआधीच तिचा धूर छातीत गेलेला असतो. ‘मी कुठं विडी ओढते?’ हे उत्तर बाई डॉक्टरला खरेपणाने देते आणि डॉक्टरही पुढचे विचारत नाही. दिल्लीत डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी १९५० च्या दशकात कॉर पल्मोनेलचे रुग्ण तपासले, तेव्हा बायकांत धूम्रपान क्वचितच असूनही त्यांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास निघाले. त्यांनी बोट ठेवले ते चुलीच्या धुरावर. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट रोगाकडे) जगाचे लक्ष वेधले. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणारे, उसाचे पाचट पेटवणारे आणि बुरशी लागलेल्या बगॅसच्या (उसाच्या चोयट्याच्या) धुळीत काम करणारे हेही याच यादीत येतात.

जुन्या क्षयाचा वाटाही मोठा आहे. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत क्षयोपचाराची परंपरा जुनी : विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि पुढे वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम स्थापन केले. ते आज रेडक्रॉसकडे आहे. क्षय औषधांनी बरा होतो, पण फुप्फुसातील वण राहतात. वीस-तीस वर्षांनी त्याच फुप्फुसामुळे उजवे हृदय थकते, आणि तोवर ‘टीबी केव्हाच बरा झाला’ म्हणून तो इतिहास केसपेपरवरून गळालेला असतो.

हवापालटाचा सल्लाही त्याच काळातून आलेला. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. पण वाईत असतानाच ज्याच्या रक्तात ऑक्सिजन काठावर आहे, त्याची पातळी पसरणी घाट चढून गेल्यावर झपकन उतरू शकते, कारण हिमोग्लोबिन त्या टप्प्यावर ऑक्सिजन भराभर सोडते. अशा रुग्णाला ‘थोडे दिवस महाबळेश्वरला राहा’ असे सांगणे चूक आहे.

लहानपणी संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांत प्रकार निराळा. फुप्फुसात रक्त तुंबल्याने धाप लागतेच. शिवाय डावे अलिंद फुगून ठोके अनियमित होतात, त्यात गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणजे इथे प्रवाह मंदावत नाही, एका क्षणात तुटतो. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत या रुग्णांसाठी नव्या गोळीपेक्षा जुने, स्वस्त वॉरफॅरिनच सरस ठरले. मात्र त्यासाठी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) नियमित तपासावा लागतो. जन्मतः हृदयाला छिद्र असून अंग निळसर पडणाऱ्यांत फुप्फुसाची गाळणी चुकवून गुठळ्या व जंतू थेट मेंदूत पोहोचतात; त्यांना मेंदूत गळू होण्याचा धोका असतो.

घरात दिसणाऱ्या खुणा साध्या असतात : जेवताना पेंग येणे, रात्री जागून दिवसा झोपणे, तेच तेच विचारणे, उगाच चिडणे, खोकल्याची उबळ आली की क्षणभर भोवळ. एसटीला हात करावा तसे दोन्ही तळवे उभे धरायला सांगितले तर ते मधूनमधून फडफडतात. विसरभोळेपणाही मोजला गेला आहे. १९८२ च्या अमेरिकी अभ्यासात ऑक्सिजन कमी असलेल्या सीओपीडीच्या २०३ रुग्णांपैकी ४२ टक्क्यांत मेंदूच्या कार्यात मध्यम ते तीव्र दोष आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत तो १४ टक्के होता.

२०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेने ऑक्सिमीटर वाडीवस्तीवर नेला, हे चांगलेच झाले. पण बोटावरचे हे यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. नळीने भरपूर ऑक्सिजन चालू असताना आकडा ९७ दिसतो आणि रुग्ण गुंगीत जात राहतो. खरा उलगडा मनगटाच्या रोहिणीतून रक्त घेऊन केलेल्या वायुतपासणीने, म्हणजे एबीजीने होतो.

वायू साचवणाऱ्या रुग्णाला ऑक्सिजन मोजून द्यायचा, पातळी ८८ ते ९२ टक्क्यांत राहील इतकाच. टास्मानियात रुग्णवाहिकेतच असा मोजका ऑक्सिजन दिला तेव्हा बेसुमार ऑक्सिजनच्या तुलनेत मृत्यू निम्म्याहून कमी झाले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. वायू फार साचला तर बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारे यंत्र) लावतात. ऑक्सिजन कायमचाच कमी असेल तर तो दिवसाचे किमान १५ तास घ्यावा लागतो. त्याने आयुष्य वाढते हे १९८० आणि १९८१ च्या चाचण्यांनी सिद्ध केले. गावात अडचण वेगळी : कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र) विजेवर चालतो, आणि लाइट गेली की भरलेला सिलिंडर घरात हवा. मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दम्याच्या माणसाला अवेळी झोप येऊ लागली, बोलणे तुटक झाले किंवा सकाळी डोके दुखू लागले, तर झोपेची गोळी किंवा गुंगीचे खोकल्याचे औषध देऊ नये, नळीचा ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवू नये, आणि त्याच दिवशी एबीजी होते अशा रुग्णालयात न्यावे.