ऑस्ट्रेलियन फूटबॉल: खेळाडू किती भारी आणि टीम कुठवर जाणार, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला बॉक्सिंग डे टेस्टमुळे माहीत आहे. पण वर्षातले बरेच महिने त्याच मैदानावर वेगळाच खेळ चालतो: ऑस्ट्रेलियन रूल्स फूटबॉल. तिकडचे लोक त्याला नुसतं 'फूटी' म्हणतात आणि त्याच्या मुख्य लीगचं नाव आहे एएफएल.

टेक साइटवर हा विषय का? कारण या खेळाचा डेटा खूप जुना आहे, भरपूर आहे आणि त्यातला बराचसा फुकट मिळतो. रेटिंग कसं बनतं, मॉडेल कुठे फसतं, अंदाज किती चांगला हे कसं मोजायचं, हे सगळं शिकायला याच्यासारखं उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय फोनवर कुठलंही 'प्रेडिक्शन' दिसलं की त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेही यातून कळतं.

आधी खेळ समजून घेऊ

मैदान लंबगोल असतं आणि त्याची साइज ठरलेली नसते, प्रत्येक ग्राउंड थोडं वेगळं. एका टीमचे १८ खेळाडू मैदानात असतात. २० मिनिटांचे चार क्वार्टर होतात, बॉल थांबलेला वेळ त्यात वरून मिळवला जातो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, त्याचे ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेली की 'बिहाइंड', त्याचा १ पॉइंट. म्हणून स्कोअर असा लिहितात: १८.७ (११५). म्हणजे १८ गोल, ७ बिहाइंड, एकूण ११५.

बॉल पास करायचे दोन मार्ग: किक मारायची किंवा एका हातावर बॉल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, याला हँडबॉल म्हणतात. १५ मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक हवेत झेलली तर तो 'मार्क'. मार्क घेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, तो शांतपणे पुढची किक मारू शकतो.

खेळाडू: साधी बेरीज का फसते?

एएफएल फँटसीमध्ये पॉइंट असे मिळतात: किक ३, हँडबॉल २, मार्क ३, टॅकल ४, गोल ६, बिहाइंड १, रक खेळाडूच्या 'हिटआउट'ला १. फ्री किक मिळाली तर १ आणि दिली तर उणे ३.

समजा तीन खेळाडू आहेत.

- मिडफिल्डर: १२ किक, १२ हँडबॉल, ६ मार्क, २ टॅकल. एकूण ८६.
- फॉरवर्ड: ८ किक, ३ हँडबॉल, ५ मार्क, २ टॅकल, ४ गोल. एकूण ७७.
- डिफेंडर: ५ किक, ४ हँडबॉल, ४ मार्क, १ टॅकल. एकूण ३९. पण त्याने दहा वेळा समोरच्याच्या हातात जाणारा बॉल ठोसा मारून उडवला.

फॉरवर्डने एकट्याने २४ पॉइंटचे गोल केले, तरी तो मिडफिल्डरच्या मागे. डिफेंडरने दहा वेळा धोका टाळला आणि त्या दहा वेळांचे पॉइंट शून्य. फॉर्म्युल्यात चूक नाही. तो 'बॉलला किती वेळा हात-पाय लागला' हे मोजतो. आपण मात्र तोच आकडा 'किती चांगला खेळला' म्हणून वाचतो, तिथे घोळ होतो.

म्हणून नुसता डिस्पोजल, म्हणजे किक अधिक हँडबॉल, बघू नका. सोबत हे तपासा:

- कंटेस्टेड पझेशन: झटापटीत जिंकलेला बॉल. मोकळ्या जागेत आयता मिळालेल्या बॉलपेक्षा हा महाग.
- क्लिअरन्स: बॉल नव्याने खेळात आल्यावर गर्दीतून बाहेर काढणं.
- इंटरसेप्ट: समोरच्या टीमची चाल मध्येच तोडणं. डिफेंडरसाठी हा मुख्य आकडा.
- स्कोअर इन्व्हॉल्व्हमेंट: ज्या चालीतून स्कोअर झाला त्यात खेळाडूचा हात होता का.
- क्लँगर: ढोबळ चूक, म्हणजे सरळ समोरच्याच्या हातात बॉल देणं किंवा फ्री किक देणं.

डिस्पोजल एफिशियन्सी हा टक्केवारीचा आकडा जपून वापरा. शेजारी उभ्या असलेल्या साथीदाराला छोटा हँडबॉल देणाऱ्याची टक्केवारी छान दिसते. गर्दीतून ५० मीटरची किक मारणाऱ्याची कमी दिसते. क्रिकेटमध्ये नुसतं अ‍ॅव्हरेज बघून ओपनर आणि फिनिशर यांची तुलना करावी, तसाच हा प्रकार.

मग चांगलं रेटिंग कसं चालतं?

एएफएलचा अधिकृत डेटा चॅम्पियन डेटा ही कंपनी गोळा करते. त्यांच्या प्लेअर रेटिंगमागची कल्पना समजायला सोपी आहे. बॉल मैदानात कुठे आहे आणि कोणत्या परिस्थितीत आहे, यावरून पुढचा स्कोअर कोणाचा आणि सरासरी किती, हे जुन्या मॅचेसच्या डेटावरून काढता येतं. खेळाडूच्या कृतीने तो आकडा जितका वाढला किंवा घटला, तितकं त्याच्या खात्यात जमा किंवा वजा.

समजा झटापटीच्या वेळी टीमची किंमत ०.२ होती. खेळाडूने बॉल जिंकून पुढे चांगल्या जागी किक मारली आणि किंमत १.४ झाली. त्याच्या खात्यात १.२ जमा. दुसऱ्याने मागे सुरक्षित जागी दहा हँडबॉल दिले आणि किंमत होती तिथेच राहिली, तर त्याला जवळपास काहीच नाही. फँटसीत मात्र त्या दहा हँडबॉलचे २० पॉइंट झाले असते.

यातही एक कच्चा दुवा आहे: बॉलपासून लांब केलेलं काम. डिफेंडरने समोरच्या फॉरवर्डला इतकं घट्ट धरून ठेवलं की त्याच्याकडे बॉल आलाच नाही, तर नोंदवायला घटनाच घडत नाही. इथे दोन गोष्टी मदत करतात. एक म्हणजे मॅच स्वतः बघणं. दुसरी म्हणजे जीपीएस. खेळाडूंच्या जर्सीखाली दोन खांद्यांच्या मध्ये छोटं यंत्र बसवलेलं असतं. मेलबर्नची कॅटापल्ट ही कंपनी यात नावाजलेली आहे. तुमच्या फोनमध्ये असतात तसेच जीपीएस, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप त्यात असतात. त्यावरून कोण किती आणि किती वेगाने पळाला ते कळतं. पण जास्त पळाला म्हणजे चांगला खेळला असं नाही, हेही लक्षात ठेवा.

पुरस्कारांवरून ठरवावं का?

ब्राउनलो मेडल हा सगळ्यात मानाचा वैयक्तिक पुरस्कार. प्रत्येक मॅचनंतर अंपायर तीन खेळाडूंना ३, २ आणि १ मत देतात. २०२४ मध्ये कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सने ४५ मतांचा विक्रम केला. पण अंपायर बॉलजवळ असतात आणि बॉलजवळ सतत मिडफिल्डर असतात, त्यामुळे हा पुरस्कार बहुतेक वेळा मिडफिल्डरलाच जातो. टोनी लॉकेटसारख्या गोल करणाऱ्या फॉरवर्डला तो मिळाला १९८७ मध्ये, तोही विभागून. थोडक्यात, डेटा कोणी गोळा केला आणि तो कुठे उभा होता, हे आधी विचारायचं.

टीम: पॉइंट्स टेबल पुरेसं नाही

जिंकलं की ४ पॉइंट, बरोबरी झाली की २. पॉइंट सारखे असतील तर 'पर्सेंटेज' बघतात: केलेला एकूण स्कोअर भागिले खाल्लेला एकूण स्कोअर, गुणिले १००. २००० केले आणि १६०० खाल्ले तर १२५. आपल्या आयपीएलमधल्या नेट रन रेटचंच हे भावंडं. टीमचा खरा दम ओळखायला बऱ्याचदा हा आकडा जिंकलेल्या मॅचेसपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण १ पॉइंटने जिंकणं आणि ६० पॉइंटने जिंकणं यातला फरक त्यात दिसतो.

टेबल वाचताना अजून एक अडचण आहे. २०२३ पासून प्रत्येक टीम २३ मॅच खेळते, पण प्रतिस्पर्धी फक्त १७. म्हणजे सहा टीमशी दोनदा गाठ पडते. ते सहा कोण, यावर बरंच काही ठरतं.

कमी फरकाचे विजय: कॉलिंगवूडचं उदाहरण

२०२२ मध्ये कॉलिंगवूडने २२ पैकी १६ मॅच जिंकल्या, पण पर्सेंटेज होतं फक्त १०४ च्या आसपास. म्हणजे खूप मॅचेस काठावर जिंकल्या होत्या. मॉडेल म्हणत होती की हे नशीब टिकणार नाही. त्याच वर्षी प्रिलिमिनरी फायनलमध्ये सिडनीने त्यांना ९५-९४ असं एका पॉइंटने हरवलं. मग मॉडेल बरोबर ठरली? थांबा. २०२३ मध्ये कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला ९०-८६ हरवून कप जिंकला, पुन्हा चार पॉइंटने. आणि २०२४ मध्ये ते पहिल्या आठातसुद्धा आले नाहीत.

'हे नशीब आहे' याचा अर्थ 'ते हरणारच' असा होत नाही. अर्थ एवढाच, की काठावरच्या विजयांच्या भरवशावर पुढचं वर्ष गृहीत धरू नका.

एक मॅच किती सांगते? २००८ ची ग्रँड फायनल

त्या वर्षी जिलाँगने साखळीत २२ पैकी २१ मॅच जिंकल्या होत्या, पर्सेंटेज १६१ च्या वर. फायनलला हॉथॉर्नने त्यांना हरवलं. स्कोअर बघा:

हॉथॉर्न १८.७ (११५), जिलाँग ११.२३ (८९).

पहिल्या नजरेत वाटतं, जिलाँगला ३४ संधी मिळाल्या, हॉथॉर्नला २५, म्हणजे जिलाँगने नेम चुकवून मॅच घालवली. पण त्या २३ बिहाइंडपैकी ११ हॉथॉर्नच्या खेळाडूंनीच मुद्दाम बॉल आपल्या रेषेपार नेऊन दिले होते. १ पॉइंट द्यायचा आणि बॉल पुन्हा आपल्या ताब्यात घ्यायचा, अशी ती चाल. ते वजा केले तर जिलाँगचे खरे शॉट उरतात २३. पुढच्याच वर्षी असा मुद्दाम बिहाइंड दिल्यास फ्री किक देण्याचा नियम आला.

डेटावर काम करणाऱ्यांसाठी हा मोठा धडा आहे. कॉलमचं नाव 'बिहाइंड' आहे म्हणून तो 'चुकलेला शॉट' होत नाही. आणि मॉडेल ज्याला वरचढ म्हणत होतं ते चूक होतं का? जिलाँगने २००९ आणि २०११ मध्ये कप जिंकला. हॉथॉर्न २००९ मध्ये नवव्या नंबरवर राहिलं.

इलो रेटिंग: सोपं आणि दमदार

बुद्धिबळासाठी अर्पाद इलो यांनी बनवलेली पद्धत फूटीलाही लागू पडते. प्रत्येक टीमला एक आकडा द्यायचा. दोन टीममध्ये १०० चा फरक असेल तर वरच्या टीमची जिंकायची शक्यता साधारण ६४ टक्के. मॅचनंतर आकडे बदलायचे. समजा एका मॅचला जास्तीत जास्त ३० पॉइंट हलू शकतात. १६०० वाली टीम जिंकली तर तिला ३० गुणिले ०.३६, म्हणजे साधारण ११ मिळतात. १५०० वाली जिंकली तर तिला ३० गुणिले ०.६४, म्हणजे १९. अपेक्षित निकालाला कमी बक्षीस, अनपेक्षित निकालाला जास्त.

यात घरच्या मैदानाचा फायदा मिळवावा लागतो, पण सरसकट नाही. १८ पैकी नऊ क्लब मेलबर्नचेच आहेत आणि त्यातले बरेच तीच दोन मोठी मैदानं वाटून घेतात. अशा दोन टीममध्ये 'घर' कोणाचं? उलट पर्थच्या टीमकडे खेळायला जायचं तर मेलबर्नहून सुमारे २७०० किलोमीटरचा प्रवास. तिथे फायदा खरा असतो.

मग सीझनचे उरलेले सामने कॉम्प्युटरवर दहा हजार वेळा खेळवायचे आणि किती वेळा कोण कप जिंकतं ते मोजायचं. कमी शक्यता म्हणजे शून्य नव्हे: २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज सातव्या नंबरवरून येऊन फायनलमध्ये सिडनीला ८९-६७ हरवून गेले. १९५४ नंतरचा तो त्यांचा पहिला कप.

नवीन पोरांचं काय?

तरुण खेळाडू ड्राफ्टमधून येतात आणि खालच्या टीमला आधी निवडायला मिळतं. निवडीआधी २० मीटर धाव, २ किलोमीटर धाव, उंच उडी अशा चाचण्या होतात. तरी जेम्स हर्ड १९९० च्या ड्राफ्टमध्ये ७९ व्या नंबरवर गेला आणि १९९६ मध्ये त्याने ब्राउनलो विभागून जिंकलं. डेन स्वॉन २००१ मध्ये ५८ वा होता, २०११ ला ब्राउनलो जिंकला. १८ वर्षांच्या पोराबद्दलचा अंदाज कच्चाच असतो. टीमचं भवितव्य बघताना वरच्या निवडी किती मिळाल्या यासोबत किती खेळाडूंनी भरपूर मॅच खेळल्यात तेही बघा.

अंदाज चांगला की वाईट, हे कसं मोजायचं?

मोनाश युनिव्हर्सिटी १९९५ पासून एक स्पर्धा चालवते. त्यात नुसता विजेता सांगायचा नाही, शक्यता सांगायची. मार्क असे: बरोबर ठरलात तर १ अधिक त्या शक्यतेचा बेस २ चा लॉग. चुकलात तर १ अधिक उरलेल्या शक्यतेचा लॉग घ्यायचा.

- ५० टक्के म्हणालात: काहीही होवो, ० मार्क.
- ६० टक्के: बरोबर तर ०.२६, चूक तर उणे ०.३२.
- ९० टक्के: बरोबर तर ०.८५, चूक तर उणे २.३२.
- १०० टक्के: बरोबर तर १, चूक तर उणे अनंत.

म्हणजे फुशारकीला जबर दंड. आता टेलिग्रामवर '१०० टक्के पक्की टीप' विकणाऱ्याकडे या नजरेने बघा. तो जिंकलेलेच स्क्रीनशॉट दाखवतो, पूर्ण यादी कधीच देत नाही. प्रामाणिक मॉडेल ७० टक्के म्हणतं तेव्हा दहापैकी साधारण तीन वेळा ते चुकणारच असतं. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला आहे, हेही ध्यानात असू द्या.

स्वतः करून बघायचं असेल तर

एएफएल टेबल्स या साइटवर १८९७ पासूनचे निकाल आहेत. आर भाषेत काम करत असाल तर 'फिट्झरॉय' हे पॅकेज डेटा थेट आणून देतं. 'स्क्विगल' या साइटवर अनेक मॉडेलचे अंदाज शेजारी-शेजारी दिसतात. क्रम असा ठेवा:

१. आधी साधं इलो बनवा.
२. जुन्या सीझनवर शिकवा आणि ज्या सीझनचा डेटा त्याने पाहिलेला नाही त्यावर तपासा.
३. वरच्या लॉग पद्धतीने मार्क काढा.
४. मगच प्रवास, दुखापती, खेळाडू रेटिंग एक-एक करून जोडा. मार्क वाढले नाहीत तर ती गोष्ट काढून टाका.

आणि कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा: हा नेमकं काय मोजतो, काय मोजत नाही आणि आधी किती वेळा बरोबर आलाय. क्रिकेट असो, फूटी असो की फोनमधलं दुसरं कुठलं अ‍ॅप, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात.