कोंबड्यांची डॉक्टर, तत्त्वज्ञानाची पदवी

आजचा विषय मला माझ्याच इमारतीच्या जिन्यात सापडला. मी बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये राहतो. बाहेरच्यांना हेब्बाळ म्हणजे तळं, उड्डाणपूल आणि विमानतळाच्या वाटेवरची गर्दी, एवढंच ठाऊक असतं. पण इथं १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते बीदरच्या विद्यापीठाकडे आहे. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलगीही बीदरचीच, घरी मराठी बोलणारी. ती तिथे पीएच.डी. करते. एके दिवशी तिनं विचारलं, "काका, मी दिवसभर कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू बघते. मग माझ्या पदवीत फिलॉसॉफी कुठून आली?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्या मराठी विद्यापीठांनी 'विद्यावाचस्पती' म्हणून ही अडचण परस्पर मिटवली आहे, त्या शब्दात तत्त्वज्ञानाचा मागमूस नाही. इंग्रजी नाव मात्र तसंच राहिलं.

त्याचं मूळ युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत आहे. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तिथल्या तीन वरच्या शाखा. चौथी तत्त्वज्ञानाची, ती खालची पायरी. १८१० मध्ये बर्लिनला विद्यापीठ सुरू झालं आणि जर्मनीत या धाकटीचा मान वाढला. इतिहास, भाषा, गणित, रसायन, जे जे वरच्या तिघींत बसेना ते हिच्या पदरात आलं. म्हणून रसायनवालाही 'तत्त्वज्ञानाचा डॉक्टर' झाला. अट एकच, पण कडक: स्वतः शोधलेलं काही नवं लिहून आणा.

ही रीत अमेरिकेनं उचलली. येल विद्यापीठानं १८६१ मध्ये तिथल्या पहिल्या तीन पीएच.डी. दिल्या. त्यातला एक प्रबंध लॅटिनमध्ये होता, हातानं लिहिलेली सहा पानं! हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माझी नुसती परिशिष्टं त्याहून जास्त आहेत."

इंग्लंड मात्र बराच काळ अडून बसलं. ऑक्सफर्डनं ही पदवी आणली ती १९१७ मध्ये. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि लंडनच्या नमुन्यावर उभं राहिलेलं, त्यामुळे आपल्याकडेही एम.ए. हीच वरची पायरी. गुरुदेव रा. द. रानडे जमखंडीचे. त्यांनी १९१४ मध्ये तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि तेवढ्यावर उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ लिहिला, अलाहाबादला तत्त्वज्ञान शिकवलं, तिथले कुलगुरूही झाले. म्हणजे खरा तत्त्वज्ञ एम.ए.वर थांबला आणि फिलॉसॉफीची डॉक्टरकी आमच्या कोंबड्यांकडे आली. असो.

ज्याला पीएच.डी. हवी त्यानं जर्मनी किंवा अमेरिका गाठायची. ज्ञानकोशकार केतकर अमेरिकेत कॉर्नेलला गेले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९ ला छापून आलं आणि पदवी १९११ ला मिळाली.

आणि मग भीमराव आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. विषय अर्थशास्त्र, पण जॉन ड्युई यांचे तत्त्वज्ञानाचे वर्गही त्यांनी केले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. वेगळं पाठवलेलं पुस्तकांचं सामान जहाजाबरोबर समुद्रात गेलं.

आता कोलंबियाचा नियम ऐका. प्रबंध मान्य झाला तरी छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी नाही. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता. नवं ज्ञान कपाटात कुजू नये, जगासमोर यावं, हाच विचार. पण छपाईला पैसा लागतो, आणि ज्याच्या घरात तो नाही त्याच्यासाठी ती परीक्षेनंतरची आणखी एक परीक्षा असते. बाबासाहेबांनी मुंबईत प्राध्यापकी केली, पुन्हा लंडन गाठलं, १९२३ मध्ये तिथली डी.एस्सी. मिळवली. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२५ मध्ये छापला, अर्पण केला होता सयाजीरावांना. कोलंबियाची पीएच.डी. हातात पडली १९२७ मध्ये. न्यूयॉर्क सोडून तेव्हा अकरा वर्षं झाली होती! या तारखा मी पहिल्यांदा एका कागदावर खालोखाल मांडल्या, तेव्हा लंडनची पदवी आधी आणि अमेरिकेची नंतर, हे बघून मला वाटलं माझीच चूक झाली.

छापून आणण्याची अट आपल्याकडेही वेगळ्या रूपात आली. प्रबंध देण्याआधी संशोधनपत्रिकेत लेख हवाच, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम होता. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचं त्यानं चांगलंच फावलं. २०२२ च्या नियमावलीत आयोगानं ही सक्ती काढली. आता किमान तीन वर्षं, १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, प्रबंध आणि तोंडी परीक्षा. छापील प्रतींचा ढीग नको, प्रबंध 'शोधगंगा'वर चढवला की जगाला खुला.

आणि फिलॉसॉफी? तीही अजून आहे. संशोधनातल्या नीतीचा ३० तासांचा एक अभ्यासक्रम आयोगानं सर्व पीएच.डी.वाल्यांना लावला आहे. त्याच्या पहिल्या भागात तत्त्वज्ञान म्हणजे काय, त्याच्या शाखा कोणत्या, हे नीतिविचारासकट शिकवायचं असतं. त्यासाठी ठेवलेला वेळ आहे तीन तास.

हे सांगितलं तेव्हा ती जिन्यात थांबली. म्हणाली, "त्यातला एक तास माझा बुडला होता, काका. त्या दिवशी पिल्लं आली होती."