भीती नसलेल्या रस्त्यावरचे सत्य

सिम्युलेटरवर बसलेल्या चालकाला मरणाची भीती नसते, म्हणून त्याचे तिथले वागणे खरे मानता येत नाही. रस्ता सुरक्षेचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो, आणि तो आला की बहुतेक जण मान डोलावतात. पूर्वपक्ष सविस्तर मांडायचा तर असा: खोलीत ठेवलेली अर्धी गाडी, समोर पडदा, पडद्यावर संगणकाने रंगवलेला रस्ता. धडक बसली तरी पत्रा चेपत नाही, कोणी जखमी होत नाही, पोलीस पंचनाम्याला येत नाहीत. अशा जागी माणूस बेफिकीर होणारच. मग त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष महामार्गावरच्या जित्याजागत्या चालकाला कसा लावायचा?

आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण त्याच्या बुडाशी असलेले गृहीतक, म्हणजे भीती गेली की बेफिकिरी येते, हे मोजून पाहता येते, आणि ते मोजलेही गेले आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गॉडली, ट्रिग्ज आणि फिल्ड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालकांच्या एका गटाने मापनयंत्रे बसवलेली खरी गाडी रस्त्यावर चालवली, तर दुसऱ्या गटाने सिम्युलेटर. थांब्याच्या पाटीअलीकडे आणि वळणांअलीकडे रम्बलर, म्हणजे गाडीला थरथरवणारे आडवे पट्टे, होते. सिम्युलेटरवरचे चालक बेफाम सुटायला हवे होते. प्रत्यक्षात साधारणपणे खऱ्या गाडीतलेच चालक अधिक वेगात होते. आणि रम्बलरमुळे वेग कुठे व कसा उतरतो, याचा चढउतार दोन्हीकडे सारखा निघाला.

या निकालाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही नीट धरायला हवेत. सिम्युलेटरवर दिसलेला ताशी वेग जसाच्या तसा रस्त्यावर लागू करू नये, इतपत आक्षेपकांचे म्हणणे रास्त ठरते. पण संशोधकाला बहुधा तो आकडा नकोच असतो. त्याला हवा असतो फरक: पट्टे असताना आणि नसताना, झोप झालेली असताना आणि नसताना, फोनवर बोलताना आणि न बोलताना. तो फरक टिकतो. यंत्राकडून जे मागितलेलेच नाही, ते त्याने दिले नाही म्हणून त्याला खोटे ठरवणे हा न्याय नव्हे.

भीतीच्या मुद्द्याला याहून नेमके उत्तर जर्मनीत मिळाले. डाइमलर-बेंझने १९८५ साली बर्लिनमध्ये मोठा हलता सिम्युलेटर सुरू केला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सामान्य चालकांसमोर अचानक संकट उभे करून पाहिले. त्यात आढळले की बहुतेकांचा पाय ब्रेकवर झपकन पडतो, पण पुरेशा जोराने पडत नाही. ब्रेकची ताकद शिल्लक असते आणि तेवढ्यात गाडी कित्येक मीटर पुढे गेलेली असते. यावरून जी यंत्रणा घडली ती पेडल किती वेगाने दाबले गेले हे ओळखते आणि उरलेला दाब स्वतः देते. १९९६च्या अखेरीस ती मर्सिडीजच्या गाड्यांत आली. पुढे युरोपीय संघाने २००९च्या नियमाने नव्या गाड्यांना ती सक्तीची केली. पडद्यावरचे संकट खोटे आहे हे त्या चालकांना ठाऊक होते. तरी पाय झपकन पडला, कारण दचकणारे शरीर ‘हे खरे आहे का’ असे विचारत बसत नाही. हा दोष खऱ्या रस्त्यावर शोधायचा तर कुणाच्या तरी लेकराला गाडीपुढे ढकलावे लागले असते.

मोबाइलचे प्रकरण अधिक बोलके आहे. युटा विद्यापीठातील स्ट्रेअर, ड्रूज आणि क्राउच यांनी ४० जणांना सिम्युलेटरवर पुढच्या गाडीमागे चालायला लावले. ती गाडी मधूनच ब्रेक मारत असे. एकदा फोनवर बोलत, एकदा रक्तात ०.०८ टक्के दारू असताना. प्यायलेले चालक पुढच्या गाडीच्या जास्त जवळून जात आणि जोरात ब्रेक मारत. फोनवर बोलणाऱ्यांचा ब्रेक उशिरा लागे. त्यांतले तिघे पुढच्या गाडीवर आदळले, दारूच्या फेरीत एकही नाही. फोन हातात असो वा हँड्सफ्री, फरक पडला नाही. आता कोणी म्हणेल, हीसुद्धा पडद्यावरचीच गोष्ट. पण टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी १९९७मध्येच खऱ्या अपघातांतल्या ६९९ चालकांची फोनची बिले तपासली होती. बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता, आणि हँड्सफ्रीने तो घटल्याचे दिसले नव्हते. एका पुराव्यात पडदा आहे, दुसऱ्यात मोडलेल्या गाड्या, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. आपल्या मोटार वाहन कायद्याची २०१९ची दुरुस्ती मात्र धोकादायक चालवण्यात हातात धरलेल्या फोनचीच गणना करते.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मी मनापासून मान्य करतो. रोजच्या प्रवासात कॅमेरे लावून केलेल्या काही अभ्यासांत हँड्सफ्री बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. प्रयोगात संशोधक सांगेल तेव्हा बोलावे लागते. रस्त्यावर चालक मोकळा पट्टा बघून बोलतो, अवघड जागी गप्प होतो. चालकाला काय जमते हे सिम्युलेटर सांगतो, तो काय निवडतो हे सांगत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा अभ्यासही हवा. एकाच्या मर्यादेमुळे दुसरा बाद होत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: परदेशी रस्त्यांवरचे निष्कर्ष आपल्याला काय कामाचे? हे काम इथेही झाले आहे. आयआयटी मुंबईत १०० परवानाधारक चालकांसमोर सिम्युलेटरवर अचानक आडवे येणारे पादचारी आणि उभ्या जागेवरून निघणारी वाहने आणली गेली. फोनवरच्या साध्या गप्पांनी प्रतिसादाला लागणारा वेळ ४० टक्क्यांनी वाढला, आणि किचकट मेसेज टाइप करताना २०४ टक्क्यांनी, म्हणजे तिपटीवर गेला.

या आक्षेपातला खरा अंश वेगळाच आहे, आणि आक्षेप घेणारे नेमका तो बोलत नाहीत. भारतात २०२२मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. जगभरातले बहुतेक सिम्युलेटर मात्र चारचाकीचे आहेत. तोल सावरत, मागे बायको आणि पुढे मूल घेऊन, ट्रक आणि रिक्षाच्या फटीतून निघणाऱ्या स्वाराची नजर कुठे असते, खड्डा आणि आरसा यांतले तो आधी काय बघतो, हे चारचाकीच्या स्टेअरिंगमागे बसून कळणार नाही. त्यासाठी डोलणारी, कलणारी दुचाकी, आपल्याकडची मिश्र वाहतूक रंगवलेला पडदा आणि वर्षानुवर्षे त्यावर काम करणारी माणसे लागतील. ‘सिम्युलेटर म्हणजे खेळ’ म्हणून निधीच्या मागणीवर फुली मारली जाते, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम सुरूच होत नाही.